चित्र काढायला टॅबलेट घ्यावा की पेन्सिल-कागदच बरा? दिवाळी बोनस खिशात आहे तोवर सांगा

सुताचा_हिशेब

राम राम मंडळी, प्रश्न थोडा लांबलाय, चहा घेऊन वाचा.

मी सोलापूरचाच, अशोक चौकाजवळ एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या. इंटरमिजिएटला बी ग्रेड, वस्तुचित्रातली घागर आणि मागचा पडदा बरा आला होता पण संकल्पचित्रात ओला रंग पसरला आणि तिथून जे सुटलं ते सुटलंच. मधे सोळा वर्षं गेली, पेन्सिल हातात आली ती फक्त व्हाउचरवर बरोबरची खूण करायला.

आता झालंय असं की मुलगी चार वर्षांची आहे आणि माझी आई तिला रोज रात्री एक गोष्ट सांगते, आमच्या घरातलीच, कुठं छापलेली नाही. एक शेळी दावं तोडून गड्ड्याच्या जत्रेला (आमची सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) येते, तिथल्या होम मैदानावर हरवते, आकाशपाळण्यात बसते वगैरे वगैरे, आणि दर रात्री आई त्या शेळीला काहीतरी नवीन खायला घालते त्यामुळे गोष्ट संपतच नाही. पोरगी म्हणती चित्र कुठाय. तर मी म्हटलं आपणच काढू, बारा पानांचं छोटंसं पुस्तक, संक्रांतीच्या आत, चार-पाच प्रती भाच्यांना पण देता येतील.

परवा हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर शेळी काढून दाखवली. पोरगी म्हणाली, "कुत्रा."

बोनसमधले आठ हजार बायकोनं माझ्यासाठी सोडलेत (फोनवर मेसेज जपून ठेवलाय). मेव्हणा पुण्याला आयटीत, तो म्हणतो आता कागद कोण वापरतं, टॅबलेट घे, चुकलं की अन्डू, रंग संपत नाहीत, कागद आणायला जायला नको. ऑफिसातला एकजण म्हणतो आयपॅडशिवाय काही खरं नाही, ते तर बजेटच्या पार पलीकडं. आणि मला वाटतंय हातच बसलेला नाही तर मशीन घेऊन काय करणार. घरी एक जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम. फोन साधाच. रात्री साडेनऊनंतर तासभर मिळतो, त्यात नळाला पाणी आलं की ती रात्र गेली.

तर काय करू? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा, ज्यांनी नुसते व्हिडिओ बघितलेत त्यांनी पण सांगा पण तसं लिहा.

कडक_भाकरी

एवढा काय विचार करलालास बे. दहा रुपयाची पेन्सिल घे, पोरीच्याच वहीत काढ, उरलेल्या पैशाची शेळी घे. समोर बांधली की बघून काढता येती.

जोक सोडा, आमच्या धाकट्यानं लॉकडाउनमधे हौसेनं टॅबलेट घेतला होता. बारा दिवस वापरला. आता आई त्याच्यावर वाटाणे निवडती, म्हणती पाट लई गुळगुळीत आहे.

रात्रपाळी_चित्रकार

भाऊ, मी जुळे सोलापूरात राहतो आणि हेच काम करून पोट भरतो, मुलांच्या पुस्तकांची चित्रं, मोबाईल गेमची बॅकग्राउंडं, जे येईल ते. आठ वर्षं झाली डिजिटलवर. म्हणून माझं मत डिजिटलच्या बाजूचं आहे हे आधीच सांगतो, पण तुमचा मेव्हणा जे सांगतोय त्यातलं अर्धंच खरं आहे.

आठ हजारात तुम्हाला येणार तो बिनस्क्रीनचा टॅबलेट. म्हणजे काळी पाटी टेबलावर, चित्र लॅपटॉपच्या स्क्रीनवर. ह्युऑन, एक्सपी-पेन यांचे छोटे मॉडेल साधारण तीन ते पाच हजारात येतात, वॅकॉमचा थोडा जास्त पडतो. पेनला सेल लागत नाही, चार्जिंग नाही. डब्यावर ८१९२ प्रेशर लेव्हल (पेन किती दाबलाय ते ओळखायच्या पायऱ्या) लिहिलंय म्हणून हजार रुपये जास्त देऊ नका, २०४८ आणि ८१९२ मधला फरक मला आजपर्यंत हाताला कळलेला नाही. स्क्रीनवरच काढायचा टॅबलेट पाहिजे असेल तर बजेट दुप्पट-तिप्पट करा.

आता जे दुकानदार सांगत नाही ते. हात खाली, डोळे वर. पहिले दोन-तीन आठवडे सही सुद्धा धड येत नाही, आपणच आपल्याला बालवाडीत गेल्यासारखं वाटतं. मी तर पहिल्या आठवड्यात तो परत डब्यात भरून ठेवला होता. भाकरीच्या भावानं बाराव्या दिवशी सोडला ना, तिथंच सगळे सोडतात, अजून दहा दिवस काढले असते तर वाटाणे निवडायची पाळी आली नसती.

आणि एक गोष्ट लगेच करा, नाहीतर वेड लागेल. टॅबलेटची लांबी-रुंदी आणि स्क्रीनची लांबी-रुंदी यांचं प्रमाण वेगळं असतं. टॅबलेटच्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधे जाऊन ते जुळवून घ्यायचं. नाहीतर तुम्ही हाताने गोल काढणार आणि स्क्रीनवर अंडं येणार. मी महिनाभर माझाच हात वाकडा आहे असं समजत होतो.

सॉफ्टवेअरला एक पैसा घालू नका. क्रिता घ्या, पूर्ण फुकट आहे, चोरीचं नाही, खरंच फुकट. (नाव ऐकून आपल्याला कृती आठवतं पण तो स्वीडिश शब्द आहे, खडू.) ४ जीबी रॅमवर चालतं पण लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) फार केले की धापा टाकतं, तेव्हा ए-फाइव्ह आकार, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे १७४८ बाय २४८० पिक्सेल एवढंच पान घ्या आणि पाच-सहा लेयरमधे भागवा. फोटोशॉपचं दर महिन्याचं भाडं बारा पानांच्या शेळीसाठी परवडणार नाही. प्रोक्रिएट सगळे सांगतील, ते फक्त ॲपलवर चालतं, विषय मिटला.

आणि दर दहा मिनिटांनी सेव्ह. वीज गेली आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असली की काय होतं ते अनुभवानं सांगतोय, एका दिवाळी अंकाचं अख्खं मुखपृष्ठ गेलं होतं माझं.

नवी_पेठ_२१

दादा मी फोनवर आयबिस पेंट ॲपमधे बोटानं काढते, कॉलेजच्या फेस्टचं पोस्टर पण त्यातच केलं होतं. फुकटात आहे, जाहिराती येतात तेवढ्या सहन करायच्या. ते शंभर रुपयाचं रबरी टोकाचं पेन मिळतं ते घेऊ नका, त्याला प्रेशर कळत नाही, बोटच बरं. पण बोटाखाली नेमकं काय चाललंय ते दिसत नाही आणि शेळीचा डोळा काढायला झूम करत करत जाता आणि मग बाहेर आल्यावर कळतं की डोळा डोक्याएवढा झालाय. मान पण दुखते.

खडूफळा_ताई

मी शाळेत चित्रकला शिकवते, पंधरा वर्षं. वरच्या मुलीनं झूमबद्दल लिहिलंय ते वाचून हसू आलं कारण हल्ली माझ्याकडे चित्रकलेच्या सीईटीच्या (प्रवेशपरीक्षेच्या) तयारीला येणारी मुलं नेमकं हेच करतात. फोनवर सुंदर डोळे काढतात, एकेक पापणी. आणि समोर तांब्या, कांदा आणि घडी घातलेला टॉवेल ठेवून काढ म्हटलं की तांब्या कागदाच्या बाहेर जातो. पानावर किती मोठं, कुठं बसवायचं हे आधी ठरवायला लागतं, ते फोनवर शिकायला मिळत नाही कारण तिथं चित्र नंतर ओढून छोटं करता येतं. बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, जायचं असेल तर प्रवेशपरीक्षेत हातानंच काढायचं असतं, तिथं कुणी अन्डू देत नाही. तुम्हाला परीक्षा द्यायची नाही हे मान्य, पण तुमचा प्रश्न टॅबलेटचा नाहीच असं मला वाटतं. तुमचा प्रश्न शेळीचा आहे.

मुलीला कुत्रा का दिसला? मी चित्र न बघता सांगते, शेपूट खाली काढलंत आणि डोळ्यात गोल बाहुली काढलीत. बरोबर? शेळीचं शेपूट आखूड असतं आणि बहुतेक वेळा वर उचललेलं. बाहुली आडवी असते, पत्र्याच्या डब्याला पैसे टाकायला फट असते ना, तशी. खुराला मधे चीर. कपाळ आणि नाक यांची रेघ जवळजवळ सरळ उतरते, कुत्र्यासारखी मधे खळगी पडत नाही. आणि आपल्याकडची म्हणाल तर उस्मानाबादी, बहुतेक काळ्याच, कान लोंबते. काळं जनावर काढताना आतले केस काढत बसू नका, बाहेरचा आकार एवढा नेमका यायला पाहिजे की नुसती सावली बघून पोरगी म्हणाली पाहिजे शेळी.

हे कुठल्या सॉफ्टवेअरमधे मिळणार? बाजाराच्या दिवशी जिथं शेळ्या बांधतात तिथं जाऊन अर्धा तास उभं राहा. छोटी वही, २बी पेन्सिल. ती हलते, तिला हलू द्या, दहा अर्धवट चित्रं चालतात. खोडरबर घरी ठेवून जा.

सामानाचं म्हणाल तर एचबी, २बी, ६बी एवढ्या तीन पेन्सिली पुरतात. आपल्याकडे हिंदुस्तान पेन्सिल्सच्या नटराज-अप्सरा आहेत, त्या चांगल्या आहेत, परदेशी सेट घेऊन हात सुधारत नाही. पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि माती असते, माती जास्त तर एच, कडक आणि फिकी, ग्रॅफाइट जास्त तर बी, मऊ आणि काळी. १७९५ मधे काँते नावाच्या फ्रेंच माणसानं ही भट्टी जमवली, तीच अजून चाललीये. टोक ब्लेडनं लांब काढा, शार्पनरनं ६बी नुसती मोडत बसते. आणि हाताखाली कोरा कागद ठेवा, आपल्या उन्हाळ्यात तळहाताच्या घामानं अख्खं चित्र राखाडी होतं.

सगळं मिळून तीनशे रुपये. बायकोचे सात हजार सातशे वाचले.

रात्रपाळी_चित्रकार

ताई, तुमचा आदर आहे, बाजारात जाऊन शेळी बघा हे तर शंभर टक्के. पण अन्डूला सगळे शिक्षक एवढे का घाबरतात ते मला कधी कळलं नाही. मी शाळेत असताना कागद महाग म्हणून चुकायची भीती वाटायची, बाई ओरडतील म्हणून एकाच घागरीला तीन तास गोंजारत बसायचो. डिजिटलवर आल्यावर पहिल्यांदा बिनधास्त चुकलो. एका रात्रीत चाळीस चेहरे काढायचो आणि अडतीस पुसायचो. त्यानं हात सुटला माझा.

आणि वयाचं वगैरे म्हणाल तर डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकारानं सत्तरी ओलांडल्यावर २०१० मधे आयपॅड हातात घेतला आणि मोठमोठी निसर्गचित्रं केली त्याच्यावर. त्याचा हात काय आयपॅडवर बसला नव्हता, आधीची पन्नास वर्षं कागद-कॅनव्हासवरच गेली होती, हे पण खरं. म्हणजे मी माझ्याच विरुद्ध बोललो वाटतं. असू दे.

खडूफळा_ताई

अन्डूला घाबरत नाही हो. पुसलेली अडतीस तुमच्याकडं आता आहेत का? माझ्या मुलांच्या वहीत वाकडी रेघ तशीच राहते, तिच्या शेजारी दुसरी काढतात, मग तिसरी. पुढच्या महिन्यात वही उघडून दाखवता येतं की बघ कुठं चुकत होतास. तुम्ही पुसण्याऐवजी नवीन लेयरवर काढायला सांगा लोकांना, मग माझी काही तक्रार नाही.

रात्रपाळी_चित्रकार

हे मात्र लागलं. खरंय, एकही नाही. जपून ठेवायला पाहिजे होते.

कार्ड_पंचिंग_काका

माझा भाचा टाइप करून देतोय, मी सांगतोय. काही चुकलं तर त्याला बोला.

मी पूर्व भागातला, आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी. पस्तीस वर्षं चादरीचं डिझाईन आणि कार्ड पंचिंग केलं. तुमचं गोलाचं अंडं होतं ते वाचून भाच्याला म्हटलं थांब, हे मला माहितीये, हे आमचंच दुखणं आहे.

चादरीचं डिझाईन कसं व्हायचं सांगतो. मास्तर आधी साध्या कागदावर पेन्सिलनं मोर काढायचे. फुल हात फिरवून, खांद्यापासून. मग तो मोर ग्राफ कागदावर चढवायचा. ग्राफची एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा. जिथं धागा वर यायला पाहिजे तो चौकोन लाल रंगानं भरायचा, बाकी कोरे. पण मागावर एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती हे सारखं नसतं, त्यामुळे ग्राफचे चौकोन पण त्या हिशेबानं उभट नाहीतर आडवे घ्यायला लागतात. चुकीचा ग्राफ घेतला की कागदावर गोल फूल आणि चादरीवर लांबुडकं वांगं. नवीन पोरगा आला की हे एकदा व्हायचंच.

मग तो ग्राफ समोर लावून मी ओळ वाचायचो. एक ओळ, एक कार्ड. लाल चौकोन तिथं भोक, कोरा तिथं काही नाही. भोक असलं की जकार्डची (मागावर बसवलेल्या यंत्राची) सुई आत जाते, हुक उचलतं, धागा वर येतो. भोक नाही तर धागा खाली. बस एवढंच. अशी शेकडो कार्डं दोरीनं एकाला एक शिवून माळ करायची आणि मागावर टांगायची. १८०४ ला जकार्ड नावाच्या फ्रान्सच्या माणसानं हे काढलं. भाचा म्हणतो मामा हाच पिक्सेल. असेल. आम्ही घर म्हणायचो.

आता चुकीचं सांगतो, वर तुमचं अन्डूवरून चाललंय म्हणून. एकदा रात्री पंचिंग करताना डोळा लागला असेल, एका कार्डावर एक भोक जास्त पडलं. नेमकं मोराच्या डोळ्यात. कळलं कधी, तर चोवीस चादरी विणून झाल्यावर. प्रत्येक चादरीवर सगळे मोर तिरळे. मालक काही बोलले नाहीत, नुसते चादर उघडून माझ्याकडं बघत राहिले, ते बोलण्यापेक्षा वाईट. दुरुस्ती केवढीशी होती, त्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. अर्धा मिनिट. पण ज्या चोवीस विणल्या त्या विणल्या. एक आमच्याच घरात आहे, नातवंडं त्याच मोरावर भांडतात की तो कुणाकडं बघतोय.

आता इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलेत, कार्डाची माळ गेली, भाचा कॉम्प्युटरवर डिझाईन करतो आणि थेट मागाला देतो. आठवड्याचं काम दुपारपर्यंत. मी काही त्याला नावं ठेवत नाही, माझी पाठ गेली त्या पंचिंगमधे. पण हा पण झूम करून बसतो. मी म्हणतो उठ, भिंतीपाशी जाऊन उभा राहा आणि तिथून बघ, चादर कोण नाकाला लावून बघतं? खाटेवर टाकल्यावर दारातून दिसते तेवढीच चादर असते. आणि अजून पण पहिला मोर कागदावर, पेन्सिलनं. हा कटकट करतो पण काढतो. मशीनवर काढलेल्या पहिल्या मोराची मान ताठ येते, कागदावरच्या मोराची वळते. का ते मला सांगता येत नाही.

तुम्ही शेळी कागदावर काढा आणि मग पाहिजे त्या मशीनवर चढवा. तुमच्या आईला नमस्कार सांगा, शेळी काय काय खाते ते लिहून ठेवा, नंतर सांगायला कुणी राहत नाही.

कडक_भाकरी

काका एक नंबर. तिरळ्या मोराच्या चादरीचा फोटो टाका की.

कार्ड_पंचिंग_काका

धुवायला टाकलीये. पाणी आल्यावर.

सुताचा_हिशेब

काका, तुमचं वाचून दाखवलं घरात, आई दोनदा वाच म्हणाली. ती पण लग्नाआधी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती.

ताई, शेपूट खाली आणि बाहुली गोल. दोन्ही. तुम्हाला कसं कळलं?

रविवारी बाजारात गेलो होतो. पहिली दहा मिनिटं लाजच वाटली, एक शेळीवाले मामा म्हणाले "घ्यायची असली तर घ्या, नुसतं बघून दूध येत नाही." वही दाखवल्यावर मात्र त्यांनीच शेळीचं तोंड धरून माझ्याकडं फिरवलं आणि दोन पोरांना गप्प केलं. अकरा चित्रं झाली, नऊ फालतू, दोन मधे मान बरी आहे. बाहुली खरंच आडवी असते, मी एकतीस वर्षांचा झालो आणि शेळीच्या डोळ्यात कधी बघितलंच नव्हतं.

आता पुढचं. ही पेन्सिलची चित्रं मशीनवर चढवायची म्हणजे नेमकं काय करायचं? फोनवर फोटो काढला तर ६बी चमकते आणि काळी शेळी पांढरी दिसती.

रात्रपाळी_चित्रकार

ग्रॅफाइट चमकतंच. फ्लॅश बंद, ट्यूबलाइटखाली नको, सकाळी खिडकीजवळ कागद आडवा ठेवायचा, उजेड बाजूनं आला पाहिजे आणि फोन बरोबर वरून, तिरका नाही. नाहीतर सरळ झेरॉक्सच्या दुकानात ३०० डीपीआयवर स्कॅन, बारा पानांचे काय ते पैसे होतील.

मग क्रितात ते पान उघडा, त्या लेयरची ओपॅसिटी (ठळकपणा) तीस टक्क्यावर आणा, वर नवीन लेयर घेऊन त्याच्यावर स्वच्छ रेघ मारा. रंग खाली तिसऱ्या लेयरवर. कीबोर्डवर एम दाबलं की चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं होतं, चूक लगेच दिसते. ४ आणि ६ नं पान फिरतं, ५ नं सरळ. रेघ थरथरत असेल तर ब्रशच्या पर्यायात स्टॅबिलायझर आहे, सुरुवातीला लावा पण सवय लावू नका.

टॅबलेट घ्यायचाच असेल तर आता घेऊ नका. आधी पेन्सिलची बारा पानं होऊ द्या. नुसती स्कॅन करून माउसनं रंग भरला तरी पुस्तक होतं. माझं आधीचं लिहिलेलं मीच मागे घेतोय, ताई हसत असतील.

छपाईवाला

माझं छपाईचं दुकान आहे, उशिरा आलो पण माझं ऐकल्याशिवाय पुढं जाऊ नका, शेवटी सगळे माझ्यासारख्याच्या काउंटरवर येऊन रडतात.

बारा पानं म्हणालात ते चांगलं केलंत. मधे पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीतच लागते, लोक दहा आणि चौदा पानं घेऊन येतात आणि मग दोन कोरी जातात. मुखपृष्ठ धरून बारा की वेगळं ते आत्ताच ठरवा. कडेपर्यंत रंग पाहिजे असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त रंगवा, कापताना जातं. आणि शेळीचं तोंड अगदी मधल्या घडीत आणू नका, पिन नाकात बसेल.

स्क्रीनवर जो पोपटी आणि निळा दिसतो तो कागदावर तसा येत नाही, थोडा मळकट येतो. स्क्रीन उजेड टाकते, आमची मशीन शाई टाकते, चार शाया, त्यात तो चकचकीतपणा नाहीच. आधी एक पान काढून बघा, मग बाकीची. गिऱ्हाईक म्हणतं तुमची मशीन खराब आहे, मी म्हणतो बरं.

आणि हात जोडून सांगतो, फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. ती पिळून पार चोथा करून पाठवतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेन ड्राइव्ह आणा. परवा एकानं लग्नपत्रिकेसाठी देवाचा स्क्रीनशॉट आणला, वर बॅटरी १२ टक्के दिसत होती. काढू का विचारलं तर म्हणे असू द्या.

नवी_पेठ_२१

१२ टक्के 😂 मेले मी

सुताचा_हिशेब

अपडेट देतो, तीन आठवडे झाले.

टॅबलेट घेतला नाही. म्हणजे एक दिवस दुकानापर्यंत गेलो होतो, हातात घेऊन बघितला, दुकानातल्या पोरानं काढून बघा म्हटलं, काढलं तर कुत्राच आला. ठेवून आलो. कागद, तीन पेन्सिली, एक जाड वही, स्कॅनिंग सगळं मिळून ६४० रुपये झाले. हिशेब लिहिलाय, सवय आहे. उरलेले बायकोला परत देत होतो, ती म्हणाली पुस्तक छापून झाल्यावर बघू, तोपर्यंत तिच्याकडं. लेखी काही दिलं नाही तिनं.

पेन्सिलची नऊ पानं झालीत. चार क्रितात चढवून माउसनं रंगवली, रेघ पेन्सिलचीच ठेवली, वर नवीन काढली तर ताठ येत होती, काका म्हणाले तसं. शेळी काळी, मागं जत्रेचे दिवे पिवळे, छपाईवाले भाऊंनी सांगितलं म्हणून पोपटी कुठंच घातला नाही. आईला पान तीन दाखवलं तर म्हणाली शेळी शेंगाचटणी खाते ते कुठं गेलं, मी म्हटलं ते काल रात्री वाढवलंस तू, त्यामुळे आता पान सात बदलायला लागणार. जुनं पान सात फाडलं नाही, ताई.

वीज एकदाच गेली. सेव्ह केलं होतं.

आता अडलंय पान दहावर, आकाशपाळणा. इतक्या दांड्या आणि पाळणे एकामागं एक, शेळी वरच्या पाळण्यात पाहिजे आणि खाली होम मैदान दिसलं पाहिजे. जत्रा जानेवारीत, तोवर थांबलो तर पुस्तक जत्रेनंतर होणार. कुणाकडं गेल्या वर्षीचा गड्ड्यातल्या पाळण्याचा चांगला फोटो असेल, खालून वर बघून काढलेला, तर टाका. डॉक्युमेंट म्हणून.